झुंबरबाईचा विळा

पिंप्राळा, जळगाव
१४ नोव्हेंबर १९९३

प्रमिलाअक्का,

माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, म्हणून वरचा पत्ता यांच्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर हे एक पान वाच. चूल काही पळून जात नाही.

परवा जळगावच्या स्टँडवर तुमच्या गल्लीतले जीवराम भेटले. एसटीची गाडी लावून चहा पीत होते. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी ओळखलंच. म्हणाले, "मंदाताई ना तुम्ही? झुंबरबाई दसऱ्यापासून अंथरुणावर शे. तुम्हाले माहीत नही का?" मला काय माहीत असणार. आठ वर्षांपूर्वी तू कार्डावर दोन ओळी लिहिल्यास, पुन्हा आमच्या दारात पाय ठेवू नकोस, आणि मी तो ठेवला नाही. एवढी एकच गोष्ट मी तुझी ऐकली असेल.

झुंबरकाकू तुझी आई, हे मान्य. पण माझी आई मला जन्म देऊन तासाभरात गेली, तेव्हा सुईण म्हणून आलेली काकू मला पदरात गुंडाळूनच घरी घेऊन गेली होती. तुझ्या वाटचं अर्धं दूध मी प्यायले, असं तूच लहानपणी भांडताना म्हणायचीस. त्या अर्ध्या हक्कानं विचारते. मला एकदा येऊन तिला बघू दे.

त्या सिनेमाचं म्हणशील, तर अक्का, नटीच्या हातात काय असतं? डायरेक्टर सांगेल तसं चालायचं, तो सांगेल तिथं थांबायचं. त्यांनी सांगितलं, मी केलं. त्याची शिक्षा आठ वर्षं पुरे झाली नाही का?

इथं माझं बरं चाललं आहे. हे वीज मंडळात लाईनमन आहेत, मी कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. मी कधी सिनेमात होते हे इथं यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. उत्तर पाठव. कार्ड चालेल.

तुझी मंदा

---

पिंप्राळा
१९ डिसेंबर १९९३

अक्का,

महिना झाला, उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं, कारण मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते खोटं तुला वाचताक्षणीच कळलं असणार. लहानपणी गुळाचा खडा तोंडात ठेवून मी नाही म्हणायचे तेव्हाही तुला कळायचं.

खरं असं आहे. सिनेमात मी चार वर्षं होते आणि त्या चार वर्षांत माझी कामं तीन. धुळ्याच्या कॉलेजच्या नाटकात कप मिळाला म्हणून मला वाटलं, मुंबई माझीच वाट बघते आहे. माझे वडील, सुपडूआबा, भिंतीकडे तोंड करून बसले. स्टँडवर आली ती एकटी काकू. बसच्या खिडकीतून तिनं माझ्या मांडीवर दशम्यांचं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "जाय. पन तोंड दपाडनं पडी असं काम नको करजो." आणि मी गेल्या महिन्यात स्टँडवर पदरानं तोंडच लपवत होते.

पहिल्या सिनेमात मी मेलेली होते. विहिरीतून मला वर काढतात, संपलं. दुसऱ्यात मी धबधब्याखाली आंघोळ करते आणि इंटरव्हलच्या आधी भूत माझा गळा दाबतं. त्या आंघोळीबद्दल तुला मी कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. तिसरा सिनेमा 'सतपुड़े की डायन'. त्यात मीच डायन. नाव सुलेखा ठेवलं होतं त्यांनी माझं. पोस्टरवर मेणाचे दात लावलेला अर्धा चेहरा माझा होता, म्हणजे ते मी सांगितल्यावर कळायचं.

शूटिंग शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी झालं. ती जागा मीच सुचवली. भुताचा सिनेमा आणि सगळं काम भर उन्हात, कारण दिवे परवडत नव्हते. कॅमेऱ्याच्या तोंडाला निळी काच लावायचे, की पडद्यावर चांदणं पडायचं. पहिल्या दिवशी डायरेक्टर म्हणाले, दात दाखव, गुरगुर आणि हात पुढे करून चाल. मी तशी चालले. युनिटमधली माणसं हसली. लाईटवाला बसल्या जागी शिट्टी वाजवायला लागला.

मला राग आला, अक्का. वाटलं, यांना खरं काम करून दाखवते. मी म्हणाले, मला वेगळं चालून बघू द्या. आणि मी काकू चालते तशी चालले.

तुला सांगायला नको. कुणाच्या घरून बोलावणं आलं की काकू कशी निघायची. विहिरीत पडल्यापासून अधू झालेला तो डावा पाय, प्रत्येक पावलाला जरासा मागं राहणारा. काखेत नाळ कापायचा विळा. वाटेत कुणी हाक मारली तरी बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. बाळंतिणीच्या दाराशी आली की एक हात चौकटीला लावून उभी राहायची, आणि आतल्या बाईनं पायांवर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. सगळं गाव त्या वेळी गप्प व्हायचं. मी लहान होते, मला वाटायचं देवीच चालली आहे.

ते मी जसंच्या तसं केलं. लाईटवाल्याची शिट्टी थांबली. कॅमेऱ्यामागचा माणूस टाळ्या वाजवायला लागला. मुंबईत गेल्यापासून माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. आणि डायरेक्टर म्हणाले, बास, डायन अशीच घराघरात शिरेल आणि तान्ही पोरं खाईल.

तेव्हा मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही. टाळ्या अजून कानात होत्या.

मंदा

---

पिंप्राळा
११ जानेवारी १९९४

अक्का,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "आई विळा मागते. असेल तर जीवरामकडे दे." मी ती ओळ दिवसभर वाचत होते. शेजारच्या प्राध्यापकबाईंच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

म्हणजे विळा मी नेला हे काकूनं तुला आजवर सांगितलं नव्हतं. त्या लिहिण्यावरून तसंच वाटलं. मग मीच सांगते.

शूटिंग चालू असताना एक दिवस सुट्टी काढून मी गावी आले होते. तू तेव्हा शिंदखेड्याला, सासरी. काकू ओट्यावर डाळ निवडत होती. तिनं विचारलं, काय काम मिळालं? अक्का, मी तिच्या तोंडावर म्हणाले, सुईणीचं. गावोगाव जाऊन पोरं वाचवणाऱ्या सुईणीचं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, चालून दाखव. मी चालले. ती हसली. पाय कुठं ओढायचा, कुठं नाही, चौकटीला हात कुठला लावायचा, सगळं तिनं मला दुपारभर शिकवलं. अंगणात पुढं ती, मागं मी. शेजारच्या दिवालीबाई पोटाला हात धरून हसत होत्या. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार असेल, आणि ती मी खोटं बोलून मिळवली.

निघताना तिनं कोनाड्यातून विळा काढला. तिच्या सासूचा तो, शिसवी मुठीचा. त्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, "सुईणनं काम शे ना? मंग इळा बी सुईणनाच पाहिजे. हाऊ ली जाय." दोन दिवसांत परत आणून देते, म्हणाले. शूटिंग संपलं, युनिटची गाडी थेट मुंबईला निघाली, विळा माझ्या ट्रंकेत गेला. नंतर कुठल्या तोंडानं आणणार होते?

तो माझ्याकडे आहे. गंज चढू दिलेला नाही. त्यानं मी कधी साधी भाजीसुद्धा चिरलेली नाही.

पण अक्का, जीवरामकडे मी तो देणार नाही. राग धरू नकोस. काकूनं माझ्या हातात दिला, मी काकूच्या हातात देईन. तू नुसतं ये म्हण, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसते. धुळ्याला गाडी बदलून दुपारपर्यंत तुझ्या दारात. पाच मिनिटं बसेन, विळा देईन, पाया पडेन आणि निघेन. चहासुद्धा नको.

तुझ्या कार्डाची वाट बघते.

मंदा

---

पिंप्राळा
९ फेब्रुवारी १९९४

प्रमिलाअक्का,

जीवराम घरी येऊन सांगून गेले. काकू गेल्या बुधवारी गेली. दहावा परवा आहे, आणि मला बोलावलेलं नाही. बोलवायला नकोच होतं.

ते म्हणाले, शेवटचे चार-पाच दिवस ती उशाशी हात फिरवत होती. तुम्ही तिच्या हातात साधा घरातला विळा दिलात, तर तिनं मूठ चाचपून बाजूला केला. तेव्हा खरा विळा इथं माझ्या ट्रंकेत होता. जीवराम त्याच आठवड्यात तीनदा जळगावला येऊन गेले. तीनदा, अक्का. मी स्टँडवर जाऊन तो त्यांच्या हातात दिला असता तर त्याच संध्याकाळी तिच्या उशाशी असता. मला तुझ्या दारातून आत यायचं होतं, आणि मरणाऱ्या बाईच्या वस्तूवर मी तुझ्याशी सौदा करत बसले. मी काय केलं हे मला कळतं. तू नको सांगूस.

आता एक शेवटचं सांगायचं राहिलं आहे. ते तुला ठाऊक आहे, पण मी कधी कबूल केलं नाही.

१९८५च्या आखाजीच्या सणाआधी तू मला पत्र टाकलं होतंस. तेव्हा आपण बोलत होतो. लिहिलं होतंस की आईला कुणीतरी सांगितलं, तुमच्या मंदाचा सिनेमा व्हिडिओवर आला आहे. ती हट्टानं दोंडाईच्याहून मशीन मागवते आहे. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, त्यांना दाखवायचा म्हणते. तूही ये. ते पत्र मला मिळालं नाही, असं मी नंतर म्हणाले. मिळालं होतं. आखाजीला आठ दिवस होते. मी एक तार केली असती, एक कार्ड टाकलं असतं, दाखवू नका एवढंच, तरी पुरलं असतं. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. मी मनाशी म्हणाले, लाईट जाईल. मशीन बिघडेल. काकूची नजर अधू आहे, तिला काय दिसणार?

बाकीचं मला नंतर गावच्या बायकांकडून कळलं. काकू घरोघरी जाऊन सगळ्यांना बोलावून आली, "मनी मंदानी सुईणनं काम करेल शे, बठ्ठा या." शाळेच्या खोलीत खिडक्यांना गोणपाटं लावून भर दुपारी पन्नास बायका बसल्या. त्यातल्या निम्म्या तिच्याच हातावर जन्मलेल्या, आणि मांडीवर तिनंच सोडवलेली पोरं. आणि पडद्यावर काकू चालत आली. तिचा पाय, तिचा विळा, चौकटीला लावलेला हात, पायांवर पाणी. आत गेली आणि पाळणा रिकामा झाला. शेवटी गावानं तिला जाळलं. ती पुढच्या रांगेत बसून बघत होती.

त्या वर्षी पावसाळ्यात तानुबाईच्या सुनेचे दिवस भरले, आणि त्यांनी बैलगाडी जोडून तिला शिंदखेड्याच्या दवाखान्यात नेलं. काकूच्या दारावरून नेलं. मग कुणीच बोलावलं नाही. पोरं रस्त्यात तिच्यामागं पाय ओढत चालायची. वर्षाच्या आत तू तिला तुझ्याकडे घेऊन आलीस. साठ वर्षं ज्या गावात राहिली ते गाव तिला माझ्यामुळं सोडावं लागलं.

मी चांगलं काम केलं होतं, अक्का. हेच वाईट आहे. नुसती गुरगुरले असते, तर बायका हसून घरी गेल्या असत्या.

या पत्राला उत्तर देऊ नकोस.

मंदा

---

पिंप्राळा
२८ एप्रिल १९९४

प्रमिलाअक्का,

देऊ नकोस म्हटलं तरी तू उत्तर दिलंस. तेही चार पानी. मी ते यांना वाचून दाखवलं.

तू लिहितेस, वर्षश्राद्धाला लावायला आईचा एक फोटो शोधला, कुठंच सापडला नाही. सापडणार कुठून? तुझ्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा ती कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली. माझ्या लग्नाला तर ती नव्हतीच. तू लिहितेस, तिचा चेहरा आठवतो, पण ती चालायची कशी, ते डोळ्यांपुढून जायला लागलं आहे. म्हणून विचारलंस, त्या सिनेमाची कॅसेट माझ्याकडे आहे का. "पाठव. मी आवाज बंद करून बघेन. जाळतात त्याच्या आधी मशीन बंद करेन."

ही ओळ वाचून मी ट्रंकेवर डोकं ठेवून रडले. एवढी वर्षं रडले नव्हते तेवढी.

कॅसेट नाही, अक्का. होती. मी जळगावातून विकत घेतली होती आणि शिलाईच्या कापडांखाली ठेवली होती. १९८८ साली रविवार सकाळची पौराणिक मालिका सासूबाईंना भरून ठेवायची होती, शेजाऱ्यांनी मशीन आणलं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी आतून ती आणून दिली. म्हणाले, ही कोरीच आहे. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा तुकडा मोडून खाच केलेली असते, त्यावर चिकटपट्टी लावली की जुन्यावर नवं भरता येतं. ती पट्टी मी माझ्या हातानं लावली. तेव्हा हायसं वाटलं होतं. आता तिथं देव रथात बसून बाण सोडतात.

तुझं पत्र आल्यापासून मी शोधते आहे. जळगावची सगळी व्हिडिओची दुकानं झाली. भुसावळ झालं. नशिराबादला एकाकडे जुन्या कॅसेटींचं पोतं होतं, ते सगळं उपसलं. मुंबईच्या कंपनीच्या पत्त्यावर लिहिलं, पाकीट तसंच परत आलं. असले सिनेमे कुणी जपून ठेवत नाही, ते बरोबरच आहे.

आणि तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावरचं ते. त्या आखाजीला शाळेतून घरी येईपर्यंत काकू एक अक्षर बोलली नाही. बायका पांगल्या, तू तिला हात धरून आणलंस, पाणी दिलंस, आणि तिनं एवढंच म्हटलं, "चाल बराबर शे. इळा तेवढा उलटा धरेल शे पोरनी." त्यानंतर त्या सिनेमाचं नाव तिनं शेवटपर्यंत काढलं नाही, आणि विळा मी फसवून नेला हेही कुणाला सांगितलं नाही. तू मला हे का कळवलंस ते मला नक्की समजलं नाही. माया म्हणून की शिक्षा म्हणून. दोन्ही म्हणून घेते.

तिचं बरोबर आहे. ती पातं आत, आपल्या अंगाकडे धरायची. वाटेत एखादं पोर धावत येऊन आदळलं तर त्याला लागू नये म्हणून. त्या दुपारी अंगणात तिनं मला ते दोनदा सांगितलं होतं. पण डायरेक्टर म्हणाले, पातं बाहेर कर, उन्हात चमकेल. आणि मी केलं.

पुढच्या पंधरवड्यात आखाजी आहे. तू बोलावलेलं नाहीस, मी विचारतही नाही. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघेन. शिंदखेड्याच्या स्टँडवर उतरले की तिथून तुझ्या दारापर्यंत चालत येईन, काकू चालायची तशी. सिनेमा कुठं नाही, पण चाल माझ्या पायांत आहे. गेले आठ दिवस दार लावून या खोलीत चालून बघते आहे. डावा पाय जागच्या जागी मागं राहतो. वय झाल्यामुळं आता जास्तच बरोबर येतं.

त्या दिवशी तू ओट्यावर बस आणि बघ. आवाज बंद करावा लागणार नाही. वाटेत कुणी हाक मारली तरी मी बोलणार नाही. तुमच्या गल्लीतली पोरं मागं लागली तर लागू देत. विळा काखेत असेल, पातं आत.

तुझ्या चौकटीला हात लावून उभी राहीन. पायांवर पाणी घातलंस तर आत येईन. नाही घातलंस, तर विळा उंबऱ्यावर ठेवीन आणि तशीच चालत परत जाईन. जाताना पाठमोरी काकू दिसते का, तेवढं बघून घे.

मंदा